रोज वाचता येईल असा ई-बुक रीडर कसा घडवावा

ई-बुक रीडर बनवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी बोर्ड शोधायला बसतात. कुठली चिप, मेमरी किती, वाय-फाय आहे का. मग त्या बोर्डाला जोडता येईल तो पडदा, त्या पडद्यावर मावेल तो फॉन्ट आणि डब्यात उरलेल्या जागेत बसेल ती बॅटरी. असा रीडर चालतो, फोटोत छानही दिसतो. फक्त त्यावर दोनशे पानांचं पुस्तक कोणी वाचून संपवत नाही. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी पान ठरवायचं, पानावरून पडदा, पडद्यावरून मेमरी आणि चिप, आणि या सगळ्यांची भूक पाहून बॅटरी. तुम्हाला थोडंफार सोल्डरिंग आणि प्रोग्रॅमिंग येतं असं धरलं आहे.

## आधी कामांची यादी, आणि तीही आखूड

कागदावर लिहा: पुस्तक उघडणं, पान पुढे-मागे करणं, सोडलं तिथून पुन्हा सुरू होणं, अक्षर लहान-मोठं करणं, आणि निदान दोन आठवडे चार्जर न शोधणं. एवढंच. ब्राउझर, गाणी, नोंदी, हवामान यातलं काहीही यादीत आलं की चिप मोठी होते, बॅटरी मोठी होते आणि यंत्र जड होतं. शब्दकोश हवासा वाटेल, पण त्यासाठी शब्द निवडावा लागतो, म्हणजे टचस्क्रीन आली. पहिल्या यंत्रात तो मोह टाळलेला बरा.

यादी झाली की एक दिवस तयार रीडरवर काढा. केओरीडर हा मुक्त-स्रोत प्रोग्रॅम कोबो, किंडल, पॉकेटबुक आणि अँड्रॉइडवर चालतो. त्यात समास, ओळींमधलं अंतर, किती पानांनी पडदा पूर्ण ताजा (म्हणजे पुसून नव्याने काढलेला) करायचा, हे सगळं बदलून पाहता येतं. आपल्याला नेमकं काय सोसतं आणि काय खुपतं ते इथे फुकटात कळतं.

## पान: आकार आणि बारकावा

पडद्याचा कर्ण इंचात सांगतात, पण वाचताना महत्त्वाची ठरते ती एका इंचात मावणाऱ्या ठिपक्यांची संख्या. सहा इंची पडद्यांचंच घ्या. ८०० × ६०० ठिपक्यांच्या पडद्यावर इंचाला १६७ ठिपके पडतात, १०२४ × ७५८ वर २१२ आणि १४४८ × १०७२ वर ३००. हौशी लोकांसाठी विकली जाणारी सोपी मॉड्यूल मात्र बरीच भरड असतात: ४.२ इंची ४०० × ३०० चं मॉड्यूल इंचाला सुमारे १२० ठिपक्यांवर थांबतं, ७.५ इंची ८०० × ४८० चंही तेवढ्यातच.

रोमन लिपी १२० ठिपक्यांवर निभावून जाते. देवनागरी नाही. अकरा पॉइंटचं अक्षर १२० ठिपक्यांवर जेमतेम १८ ठिपके उंच होतं. त्यातच वरचा रफार आणि मात्रा, शिरोरेषा, मधलं जोडाक्षर आणि खालचा उकार बसवायचा. ‘दृष्ट्या’ किंवा ‘कर्तृत्व’ हे शब्द तिथे काळा डाग होतात. तेच अक्षर ३०० ठिपक्यांवर सुमारे ४६ ठिपके उंच होतं आणि सुबक दिसतं. मराठी वाचायचं असेल तर माझ्या मते २१२ ही खालची मर्यादा धरावी. भरड पडदाच हाती असेल तर अक्षर चौदा-पंधरा पॉइंटचं ठेवा आणि पानावर कमी मजकूर येईल हे मान्य करा.

पडदा विकत घेण्याआधी हे तपासता येतं. हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीसोबत एचबी-व्ह्यू नावाचं छोटं साधन येतं. त्याला फॉन्ट, ठिपक्यांतला आकार आणि मजकूर दिला की चित्र तयार होतं. एक उतारा १८, ३२ आणि ४६ ठिपक्यांच्या आकारात काढा, छापताना प्रत्येक चित्र त्या त्या पडद्यावर दिसेल तेवढ्याच मापाचं ठेवा आणि हातभर अंतरावरून वाचा. नोटो सेरिफ देवनागरी, नोटो सॅन्स देवनागरी आणि मुक्ता हे तिन्ही फॉन्ट मोफत आहेत. भरड पडद्यावर सारख्या जाडीचा सॅन्स तग धरतो. बारीक रेघांचा सेरिफ तुटतो.

पीडीएफचा निकालही याच टप्प्यावर लावा. सहा इंची पडदा जवळपास ९ सेंटीमीटर रुंद असतो, ए-४ कागद २१. अख्खं पान बसवलं तर बारा पॉइंटचं अक्षर पाच पॉइंटचं होतं. पीडीएफच वाचायच्या असतील तर दहा इंचांच्या पुढचा पडदा घ्या, नाहीतर लहान यंत्राला पीडीएफ उघडायलाच शिकवू नका. पान डावी-उजवीकडे सरकवत वाचणं हे वाचन नव्हे.

## पडदा चालवायचा कसा

रीडरचा पडदा ज्याचा असतो त्या ई-पेपरच्या आत सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येकीत पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगतात, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. मागच्या बाजूला एका दिशेचा विद्युतदाब दिला की पांढरे वर येतात, उलटा दिला की काळे. वीज काढून घेतली तरी कण जागचे हलत नाहीत, म्हणून पान तसंच राहतं. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या कामातून १९९७ मध्ये ई इंक कंपनी निघाली, २००४ मध्ये सोनीचा लिब्रिए जपानमध्ये आला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये किंडल. मधल्या काळात पडदे बरेच सुधारले, पण कण हलायला वेळ लागतो हे मूळ दुखणं तेच आहे.

तुमच्यासमोर दोन वाटा असतात. पहिली, स्वतःचा कंट्रोलर (पडदा चालवणारी चिप) पोटात असलेलं आणि एसपीआय या मोजक्या तारांच्या जोडणीवर चालणारं मॉड्यूल. सात-आठ तारा जोडायच्या, चित्र पाठवायचं, बाकी तो बघतो. शिकायला उत्तम, पण पूर्ण ताजं होताना पडदा काही सेकंद लुकलुकतो आणि बारकावा कमी. दुसरी वाट म्हणजे तयार रीडरांत वापरतात तसं कच्चं पॅनेल. याला अधिक-उणे १५ व्होल्ट, शिवाय साधारण अधिक २२ आणि उणे २० व्होल्ट लागतात, तेही ठराविक क्रमाने चालू-बंद केलेले. हे सगळं हाताने उभं करण्याच्या फंदात पडू नका. टीपीएस६५१८५ सारखी खास ई-पेपरसाठीची वीजपुरवठा चिप आहे. आयटी८९५१ कंट्रोलरची तयार बोर्डं मिळतात. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर चिपवरून कच्चं पॅनेल थेट चालवणारा ईपीडीआयवाय हा मुक्त-स्रोत प्रकल्पही आहे.

कच्च्या पॅनेलच्या पट्टीवर एक छोटा स्टिकर असतो, त्यावर उणे चिन्हाचा एक आकडा, सहसा उणे एक ते अडीच व्होल्टच्या दरम्यानचा. हा व्हीकॉम. प्रत्येक पॅनेलचा वेगळा असतो आणि तो जसाच्या तसा कंट्रोलरला सांगावा लागतो. चुकीचा दिला तर पडदा राखाडी, मळकट दिसतो, आणि लोक महिनाभर प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसतात. पॅनेल चिकटवण्याआधी स्टिकरचा फोटो काढून ठेवा. नंतर तो डब्यात गाडला जातो.

आता पडदा ताजा करण्याच्या पद्धती. नावं कंट्रोलरगणिक थोडी बदलतात, पण चार ओळखून असा. ‘इनिट’ पडदा पुसून स्वच्छ करते आणि सुमारे दोन सेकंद घेते. ‘जीसी१६’ सोळा राखाडी छटांत सुबक चित्र काढते, अर्ध्या सेकंदाच्या आसपास. ‘डीयू’ फक्त काळा-पांढरा, साधारण पाव सेकंदात. ‘ए२’ त्याहून निम्म्या वेळात, पण मागे सावल्या सोडते. मेनूसाठी डीयू, पानासाठी जीसी१६ किंवा तिचा कमी लुकलुकणारा भाऊ जीएल१६. ए२ ला पुस्तक वाचताना काही काम नाही.

आधीच्या पानाची फिकट सावली नव्या पानावर राहते, तिला घोस्टिंग म्हणतात. दर सहा ते दहा पानांनी एकदा पूर्ण ताजं करणं हा जुना, भरवशाचा उपाय. त्यात एक सुधारणा करा: नवीन प्रकरण सुरू होताना आणि चित्राचं पान उलटल्यावर हमखास पूर्ण ताजं करा, मग मोजणी पुन्हा शून्यापासून. वाचक तिथे तसाही क्षणभर थांबतो, लुकलुक खुपत नाही. अर्धवट ताजं करणं शेकडो पानं चालू ठेवू नका. सावल्या साठतातच, पण असंतुलित दाबाने पॅनेलही हळूहळू खराब होतं. आणि पान काढून झालं की पॅनेलचा उच्च दाब लगेच बंद करा.

तापमान विसरू नका. या पॅनेलांची कामाची मर्यादा साधारण ० ते ५० अंश सेल्सिअस असते. थंडीत कण संथ होतात, म्हणून दाबाचं वेळापत्रक तापमानानुसार बदलावं लागतं. कंट्रोलरला तापमान सेन्सर जोडायची सोय असेल तर तो जोडाच. आणि तो चार्जिंग चिपपासून लांब ठेवा, नाहीतर चार्जिंग चालू असताना पडदा उन्हाळा समजून वागेल.

## चिप आणि मेमरी

पडदा ठरला की हिशेब सोपा. ८०० × ६०० चं पान एका ठिपक्याला एक बिट या दराने ६० किलोबाइट होतं, सोळा छटांत २४० किलोबाइट. १४४८ × १०७२ चं सोळा छटांतलं पान सुमारे ७७६ किलोबाइट. साध्या ईएसपी३२ मध्ये एकूण ५२० किलोबाइट रॅम आणि त्यातलीही सगळी तुमच्या हाती येत नाही. म्हणून पीएसरॅम, म्हणजे वेगळी जादा रॅम, लावलेला प्रकार घ्या, शक्यतो ईएसपी३२-एस३; त्यात यूएसबी अंगभूत आहे, म्हणजे पुस्तकं टाकायला कार्ड काढायला नको.

रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक-बोर्ड पहिल्या नजरेत मोह घालतो. ५१२ मेगाबाइट रॅम, पूर्ण लिनक्स, सगळ्या लायब्ररी तयार. पण त्याला खरी झोप नाही. काही न करताही तो मायक्रोकंट्रोलरच्या शेकडो पट वीज पितो, आणि पूर्ण बंद केला तर पुस्तक उघडायला लिनक्स सुरू होईपर्यंत थांबा. टेबलावरच्या प्रयोगाला ठीक, खिशातल्या रीडरला नाही. लिनक्सच हवं असेल तर आयएमएक्स६ सोलोलाइट सारखी, ई-पेपरचा कंट्रोलर पोटातच असलेली आणि झोपणारी चिप लागते, आणि तशी चिप घालून बोर्ड आखणं हे अनुभवी माणसाचं काम आहे.

## मजकूर: खरा घाम इथे

ई-पुस्तकं सहसा ईपब या प्रकारात मिळतात. ईपब फाइल म्हणजे मुळात झिप. आत ‘मेटा-इन्फ’ फोल्डरमधली कंटेनर नावाची एक्सएमएल फाइल मुख्य यादीचा पत्ता सांगते. त्या यादीत सगळ्या फाइलींची नोंद असते, आणि ‘स्पाइन’ या भागात वाचायचा क्रम. प्रकरणं एक्सएचटीएमएलमध्ये, सजावट सीएसएसमध्ये. नेहमीच्या कादंबरीसाठी शीर्षक, परिच्छेद, ठळक, तिरका, मध्यभागी आणि चित्र एवढं समजलं तरी भागतं. बाकी सीएसएस खुशाल दुर्लक्षित करा. झिप सोडवायला ३२ किलोबाइटची खिडकी लागते, मिनिझेड ही लायब्ररी त्याला पुरते. अख्खं प्रकरण रॅममध्ये ओढू नका, तुकड्यातुकड्याने वाचा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ४०९६ बाइटचे तुकडे पाडलेत तर सीमेवर कुठेतरी चिन्ह मधोमध कापलं जाणारच. उरलेले एक-दोन बाइट पुढच्या तुकड्याला जोडायची तजवीज पहिल्या दिवशीच करा.

यानंतर अक्षरजुळणी. मायक्रोकंट्रोलरच्या बहुतेक ग्राफिक्स लायब्ररी एका कोडला एक चित्र या हिशेबाने चालतात. देवनागरीत हा हिशेबच बसत नाही. ‘स्थिती’ हा शब्द बघा. फाइलमध्ये क्रम असा: स, हलन्त, थ, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी. सहा कोड. पडद्यावर मात्र पहिली वेलांटी अख्ख्या ‘स्थ’ च्या डावीकडे जायला हवी आणि ‘स’ अर्धा व्हायला हवा. ‘दुसऱ्या’ मधला र वेगळाच: तो नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य असा लिहिलेला असू शकतो किंवा साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि य असाही. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसायला हवेत, आणि पुस्तकात शोध द्यायचा असेल तर दोन्ही एकच मानायला हवेत. हे नियम हाताने लिहायला बसू नका. जुळणीसाठी हार्फबझ आणि अक्षर काढायला फ्रीटाइप, ही जोडी वर्षानुवर्षं घासून पक्की झालेली आहे. हार्फबझला भाषा मराठी आहे हे आवर्जून सांगा; तशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये मग ल आणि श मराठी वळणाचे येतात.

ही जोडी छोट्या चिपवर चढवता येते, पण जागा, वेळ आणि डोकं तिन्ही खाते. मला पटलेला मार्ग दुसरा आहे: मजकुराची सगळी जुळणी संगणकावर उरका. संगणकावरचा प्रोग्रॅम ईपब उघडेल, पानं पाडेल आणि प्रत्येक पानाचं तयार चित्र एका फाइलीत ओळीने भरेल. एका बिटाचं ८०० × ६०० चं पान ६० किलोबाइट, म्हणजे तीनशे पानांचं पुस्तक न दाबताही १८ मेगाबाइट. मेमरी कार्डाला हे किस झाड की पत्ती. अक्षराचे तीन आकार हवेत तर तीन फाइली करा. रीडरला फक्त ‘चौऱ्याऐंशीवं पान आण’ एवढंच करायचं राहतं, आणि ते तो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच करतो. तोटा उघड आहे: संगणकाशिवाय नवं पुस्तक टाकता येत नाही. पण रीडर मुळात घरातल्या संगणकाला जोडूनच भरला जाणार असेल, तर यापेक्षा खात्रीचं दुसरं काही नाही.

कोणताही मार्ग घ्या, वाचनाची खूण पानाच्या क्रमांकाने ठेवू नका. अक्षर मोठं केलं की चौऱ्याऐंशीवं पान एकशे दहावं होतं. खूण म्हणजे स्पाइनमधलं कितवं प्रकरण आणि त्यातलं कितवं अक्षर. तयार चित्रांच्या फाइलीतही प्रत्येक पानाच्या सुरुवातीचा हा आकडा अनुक्रमणिकेत नोंदवा, म्हणजे एका आकाराच्या फाइलीवरून दुसरीवर उडी मारताना वाचक त्याच परिच्छेदात उतरतो.

पान पाडताना ओळ फक्त शब्दांच्या मधे तोडा. तोडण्यावाचून गत्यंतर नसेल तर पूर्ण अक्षरसमूहानंतर, काना किंवा हलन्ताच्या आधी कधीच नाही. मराठीत ‘विद्यार्थ्यांच्यासाठी’ सारखे लांब शब्द फार, त्यामुळे दोन्ही कडा सरळ ठेवल्या तर अरुंद पडद्यावर शब्दांमधे नद्या वाहतात. उजवी कड मोकळी सोडा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट किंवा किंचित जास्त. रोमनला पुरणारं सव्वापट अंतर ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. समास अक्षराच्या दीडपट पुरे, डब्याची कड तशीही भोवती असतेच.

जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप झालेली पुस्तकं आधी संगणकावर रूपांतरित करून घ्या, आणि रूपांतरानंतर ऱ्य आणि ॲ या दोन ठिकाणी नजर टाका, बहुतेक चुका तिथेच सापडतात. कुलूपबंद विकत घेतलेली पुस्तकं घरगुती रीडरवर उघडणार नाहीत; कुलूप नसलेला ईपब देणारे प्रकाशक शोधा.

## पान उलटताना

वाचक बटण दाबतो तेव्हा पडदा ताजा व्हायला लागणारा वेळ टाळता येत नाही. त्याआधीचा वेळ मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. पान दिसलं की लगेच पुढचं पान दुसऱ्या बफरमध्ये तयार करून ठेवा आणि मगच झोपा. बटण दाबताच तयार चित्र थेट पडद्याकडे जातं. मागचं पानही जवळ ठेवायला मेमरी असेल तर उत्तम, पण पुढच्याला अग्रक्रम. बटण सलग तीनदा दाबलं गेलं तर मधली दोन पानं काढत बसू नका, मोजा आणि थेट तिसरं दाखवा. बटणाच्या खडखडीसाठी वीस-तीस मिलिसेकंदांची सबुरी पुरते.

## वीज: हिशेब कागदावर

समजा बॅटरी १२०० मिलिअँपिअर-तासांची, दिवसाला दोन तास वाचन, दोनशे पानं. एका पानाला दीड सेकंद १०० मिलिअँपिअर लागले, तर दोनशे पानांना सुमारे ८ मिलिअँपिअर-तास. पडदा एवढंच खातो. आता दोन पानांच्या मधे चिप काय करते ते पाहा. ४० मिलिअँपिअर घेत जागी राहिली तर दोन तासांत ८० गेले आणि बॅटरी तेरा दिवसांत रिकामी. मधे हलकी झोप घेऊन १ मिलिअँपिअरवर आली तर फक्त २ गेले. उरलेले बावीस तास गाढ झोपेत ५० मायक्रोअँपिअर, म्हणजे साधारण १. एकूण अकरा-साडेअकरा, कागदावर शंभरावर दिवस निघतात. यातून बॅटरीची गळती आणि वय यांसाठी पाव हिस्सा वजा करा, तरी अडीच महिने हाती राहतात.

पुढचा दिवा लावला, २० मिलिअँपिअरचा, तर दोन तासांना ४०. म्हणजे बाकी सगळ्या यंत्राच्या तिप्पट-चौपट वीज एकटा दिवा खातो. दिव्यासाठी कडेने प्रकाश पसरवणारी पातळ फिल्म लागते आणि ती घरी नीट बनत नाही. दिवा हवाच असेल तर तो बसवलेलं पॅनेल घ्या, नसेल तर टेबललॅम्प चांगला.

हिशेब कागदावर बरोबर आणि प्रत्यक्षात चार दिवसांत बॅटरी संपली, असं झालं तर व्होल्टेज रेग्युलेटरकडे बघा. स्वस्त बोर्डांवर सर्रास दिसणारा एएमएस१११७ काहीही न करता ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. दिवसाला १२० झाले, म्हणजे पुस्तक न उघडताच दहा दिवसांत बॅटरी खलास. शिवाय त्याला इनपुट आउटपुटपेक्षा व्होल्टभर जास्त लागतो, त्यामुळे ३.७ व्होल्टच्या बॅटरीवर ३.३ देणं त्याला जमतच नाही. एमसीपी१७०० सारखा रेग्युलेटर दोन मायक्रोअँपिअरच्या आत राहतो. पण तो २५० मिलिअँपिअरपर्यंतच देतो आणि ईएसपी३२ चं वाय-फाय क्षणभर त्याहून बरंच जास्त ओढतं. वाय-फाय ठेवणार असाल तर ताकदवान पण कमी भुकेचा रेग्युलेटर शोधा. मी म्हणेन वाय-फाय बंदच ठेवा. बोर्डावरचा सतत जळणारा पॉवर एलईडीही काढून टाका.

चार्जिंगला टीपी४०५६ ही चिप चालते. तिचा प्रवाह एका रेझिस्टरने ठरतो: १.२ किलोओहमला १ अँपिअर, २ किलोओहमला सुमारे ५८० मिलिअँपिअर. तयार मॉड्यूलवर बहुधा १.२ चाच असतो. १२०० च्या बॅटरीला तो बदलून २ चा लावा, बॅटरी जास्त टिकते. संरक्षण सर्किट असलेलीच बॅटरी घ्या. यूएसबी-सी सॉकेट स्वतः लावत असाल तर सीसी१ आणि सीसी२ या दोन्ही पिनांवर ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडकडे हवाच. नाहीतर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने यंत्र चार्ज होणार नाही आणि जुन्या केबलने होईल, मग कोडं सुटत नाही.

बॅटरी ३.४ व्होल्टवर आली की पडद्यावर ‘चार्ज करा’ असं लिहून यंत्राला झोपवा. वीज संपली तरी ती पाटी तशीच राहते, हा ई-पेपरचा फुकटचा फायदा.

## डबा आणि बटणं

ई-पेपर पॅनेलची मागची बाजू सहसा अतिशय पातळ काचेची असते. ती पडण्यापेक्षा वाकण्याने आणि कोपऱ्यावरच्या दाबाने जास्त फुटते. म्हणून पॅनेलच्या मागे सपाट, ताठ पत्रा किंवा जाड फायबरची शीट, मधे पातळ फोम टेप, आणि चारही बाजूंना अर्धा मिलिमीटर मोकळी जागा. पॅनेल बाहेरच्या डब्याला कधीच चिकटवू नका. डबा पिळला गेला तर पीळ काचेत उतरतो. त्याची चपटी केबल तीक्ष्ण घडी न घालता गोल वळवा. बॅटरीच्या वर थोडी पोकळी ठेवा, कारण वय झालं की ती किंचित फुगते, आणि स्क्रूचं टोक तिच्या दिशेने येत नाही ना ते बघा. बॅटरी कनेक्टरने जोडा, सोल्डर करून नाही.

बटणं दोनच मोठी: पुढे आणि मागे. ‘पुढे’ नेहमी अंगठ्याखाली. यंत्र उलटं धरलं की पान १८० अंशांत फिरावं आणि बटणांचे अर्थही अदलाबदल व्हावेत, म्हणजे डावखुऱ्याचा प्रश्न मिटतो आणि झोपून वाचताना हात बदलता येतो. मेनूसाठी तिसरं, लहान, खोलगट बटण. कडक टिकटिकणारे स्विच घेऊ नका. दिवसा आवाज जाणवत नाही, रात्री शेजारी झोपलेल्याला जाणवतो. वजन बॅटरीच्या बाजूला जास्त असतं, तर बॅटरी तळाशी न ठेवता हात धरतो त्या कडेला सरकवा, मनगट दुखत नाही.

## हातात देण्याआधी

वाचनाची खूण लिहिताना वीज गेली तर फाइल बिघडते. खूण आधी वेगळ्या फाइलीत लिहा, पूर्ण झाली की मूळ नाव द्या, आणि आधीची एक प्रत ठेवा. मग मुद्दाम चाचणी घ्या: पान उलटताना मधेच बॅटरीचा कनेक्टर उपटा. पंधरा-वीसदा करा. प्रत्येक वेळी पुस्तक त्याच पानावर किंवा फार तर एक पान मागे उघडायला हवं. यंत्र संगणकाला जोडलेलं असताना रीडरने कार्डावर काहीही लिहू नये. दोघांनी एकदम लिहिलं की फाइलव्यवस्था मोडतेच.

सगळ्यात जाड पुस्तक टाका, शेवटच्या प्रकरणावर उडी मारा आणि वेळ मोजा. एकच प्रकरण असलेला, म्हणजे सगळा मजकूर एका फाइलीत कोंबलेला ईपब शोधून टाका. बहुतेक घरगुती रीडर तिथेच कोलमडतात. रिकामी फाइल, मोडकी झिप आणि प्रचंड मोठं मुखपृष्ठ असलेलं पुस्तकही द्या, यंत्राने तक्रार करावी पण अडकून बसू नये. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर लावून झोपेतला प्रवाह मोजा, आणि तासाभराने परत मोजा, कारण काही वेळा यंत्र झोपतं पण मेमरी कार्ड जागंच राहतं. तसं आढळलं तर कार्डाची वीज एका छोट्या मॉसफेटने (स्विचसारख्या ट्रान्झिस्टरने) तोडायची सोय पुढच्या बोर्डावर करा, आणि जागं झाल्यावर कार्ड पुन्हा सुरू करायला जो वेळ लागतो तो वाचकाला जाणवू नये म्हणून पुढचं पान आधीच रॅममध्ये आहे ना, एवढं पाहून घ्या.